आरमोरीचा आश्विन आणि थंड पाण्याचा मासा

वैनगंगेत ट्राउट नाही आणि कधी असणारही नाही. तरी हा मासा कसा जगतो आणि त्याला कसा धरतात, हे आरमोरीच्या माणसाने समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. त्याचा शरद ऋतू आणि आपल्या माशांचा शरद ऋतू एकमेकांच्या अगदी उलट आहेत. ते दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की वैनगंगेत सध्या काय चाललंय ते जास्त स्वच्छ दिसतं.

तपकिरी ट्राउट मूळचा युरोपातला, इंद्रधनुषी ट्राउट मुख्यतः उत्तर अमेरिकेच्या पश्चिमेकडचा. दोघांनाही थंड, वाहतं, निर्मळ पाणी लागतं. पाणी १२ ते १६ अंशांवर असलं की तपकिरी ट्राउट भरपूर खातो आणि वाढतो. ते २० अंशांच्या वर गेलं की त्याचं खाणं मंदावतं आणि २५ च्या आसपास जीवावर बेततं. पाणी तापतं तसा त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होत जातो. १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे साधारण ११ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांच्या पाण्यात जेमतेम साडेसात. त्यातच गरम पाण्यात माशाच्या शरीराचे सगळे व्यवहार वेगाने चालतात, म्हणजे त्याची गरज वाढते. एकीकडे गरज वाढते, दुसरीकडे पुरवठा आटतो आणि या कात्रीत ट्राउट मरतो. आरमोरी समुद्रसपाटीपासून सव्वादोनशे मीटरांच्या आसपास, आणि नदीपलीकडच्या ब्रह्मपुरीचा पारा मे महिन्यात ४६ अंशांच्या पुढे जातो. आपल्या मरळीला आणि मांगुराला हे सोसतं, कारण त्यांना पाण्याबाहेर तोंड काढून थेट हवेतला प्राणवायू घेता येतो. ट्राउटला ती सोय नाही.

महाराष्ट्रात इतर कुठे तरी तो जगेल का? आपलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई १६४६ मीटरांचं, आणि त्यावर बारमाही थंड ओढा नाही. भारतात ट्राउट रुजला तो हिमालयात आणि दक्षिणेत नीलगिरी, मुन्नारच्या उंच पठारांवर. काश्मीरसाठी १८९९ मध्ये इंग्लंडहून पाठवलेली अंडी वाटेतच मेली, १९०० मध्ये दुसरा प्रयत्न साधला आणि श्रीनगरजवळच्या हारवानला माशांची पैदास सुरू झाली. काही वर्षांतच कुलूच्या बियास नदीत तो सोडला गेला. आज काश्मीर आणि हिमाचलच्या ओढ्यांत दिसणारा ट्राउट अशा आणलेल्या माशांचा वंशज आहे.

आता तो धरण्याची रीत. ट्राउटचं बरंचसं खाणं म्हणजे पाण्यातले किडे. दगडांखाली वाढणाऱ्या अळ्या तर तो खातोच. पण त्या अळ्या पंख फुटून वर येऊ लागल्या की तो पृष्ठभागाशी येऊन एकेक किडा टिपतो. यातले काही किडे वर्षभर पाण्यात अळी म्हणून जगतात आणि पंख फुटल्यावर काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, अंडी घालून मरतात. माणसाने याच किड्याची नक्कल केली. आकड्यावर पिसं, लोकर, केस आणि रेशमी धागा गुंडाळून कृत्रिम माशी बांधली. रोमन काळातल्या ईलियन नावाच्या लेखकाने सुमारे अठराशे वर्षांपूर्वी मॅसिडोनियातल्या कोळ्यांबद्दल लिहून ठेवलंय की ते आकड्याला लाल लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची पिसं लावतात आणि ठिपक्याठिपक्यांचे मासे धरतात. १४९६ साली इंग्लंडात छापलेल्या एका पुस्तिकेत तर वर्षाच्या वेगवेगळ्या महिन्यांसाठी बारा माश्यांची यादी दिली आहे. कोणत्या महिन्यात नदीवर कोणता किडा उडतो याचं पंचांगच ते.

अडचण अशी की पिसाच्या माशीला वजन नसतं. साध्या गरीला शिशाचा तुकडा बांधला की तो दोरीला ओढून लांब नेतो. इथे शिसं बांधलं तर माशी बुडेल. म्हणून दोरीच जड करतात आणि काठीने ती आसुडासारखी हवेत मागे-पुढे फिरवतात. दोरीचं वजन पुढे झेपावतं आणि टोकाची माशी हळूच पाण्यावर टेकते. जाड दोरी माशाला दिसू नये म्हणून शेवटचा दोन-तीन मीटरांचा भाग अगदी बारीक आणि पारदर्शक ठेवतात.

हा बारीक भाग पूर्वी कशाचा असे, हे आरमोरीच्या वाचकाला विशेष वाटावं. नायलॉन येईपर्यंत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धाच्या आसपासपर्यंत, तो रेशीमकिड्याच्या पोटातला असे. कोश विणायला निघालेली तुतीची पूर्ण वाढलेली अळी व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवायची, मग तिच्या अंगातली रेशीमग्रंथी काढून दोन्ही हातांनी ताणायची. चिवट, पाण्यात न दिसणारा तंतू तयार होई. स्पेनमधल्या मुर्सिया प्रांतात हा मोठा धंदा होता. आरमोरी हे टसरचं, म्हणजे कोशाच्या रेशमाचं जुनं गाव. ऐनाच्या आणि अर्जुनाच्या झाडांवर रानात वाढणाऱ्या या अळ्या राखायचं काम आपल्या भागात पिढ्यान्‌पिढ्या ढिवर समाज करत आला आहे. तोच समाज नदीत डोंगा घालतो, तलावात जाळं टाकतो आणि शिंगाडे लावतो. टसरच्या अळीपासून कुणी गरीचा तंतू काढल्याचं माझ्या ऐकिवात नाही. पण मासा आणि रेशीम ही दोन्ही कामं एकाच घरात, तीही पावसाळा सरण्याच्या एकाच हंगामात चालणारं असं दुसरं ठिकाण शोधावंच लागेल.

माशी टाकण्याच्या या कलेला श्रीमंती छंदाचं रूप आलं ते इंग्लंडात. जपानच्या डोंगराळ खेड्यांत मात्र तीच कला पोट भरण्यासाठी वाढली. तिला तेंकारा म्हणतात. लांब बांबू, त्याच्या टोकालाच बांधलेली दोरी आणि दोरीला पिसाची माशी. फिरकी नाही, दोरी गुंडाळायची यंत्रणा नाही. आरमोरीच्या पुलाखाली पोरं जी गरी घेऊन बसतात तिच्यात आणि या काठीत फरक फक्त टोकाच्या आमिषाचा. पोरांच्या गरीला गांडूळ असतं, कणकेची गोळी असते, आणि आश्विन लागला की नाकतोडा असतो.

नाकतोड्याकडे थोडं थांबायला हवं. ट्राउट धरणारे लोक उन्हाळा सरताना आणि शरद लागताना नाकतोड्याच्या आकाराची माशी आवर्जून बांधतात. त्या दिवसांत काठच्या गवतातले पूर्ण वाढलेले नाकतोडे वाऱ्याने पाण्यात पडतात, आणि एवढा मोठा घास मासा सोडत नाही. आपल्याकडे तेच घडतं धानाच्या बांधीत. पावसाळाभर धानात वाढलेले नाकतोडे आश्विनात भरात असतात. हलकं धान कापणीला आलं की ते उडून बांधावर येतात, तिथून नाल्यात आणि तलावात पडतात. पृष्ठभागाशी फिरणाऱ्या, तोंड वर वळलेल्या, पातळ चांदीच्या रंगाच्या मासोळ्या त्यांच्यावर तुटून पडतात. यांचे काही नातेवाईक देशभरच्या डोंगरी ओढ्यांत आहेत, आणि इंग्रज शिकाऱ्यांनी त्यांना ‘भारतीय ट्राउट’ असं नाव देऊन टाकलं होतं, कारण ते माशीवर येत. नात्याने ते ट्राउट नव्हेत, रोहू-कतल्याच्या कुळातले आहेत. पण खायची सवय तीच.

काठीवाल्याला माशाची नजर माहीत असावी लागते, मग तो बियासच्या काठी असो की खोब्रागडीच्या. पाण्यातून वर पाहणाऱ्या माशाला बाहेरचं सगळं जग डोक्यावरच्या एका गोल खिडकीतून दिसतं. प्रकाश पाण्यात शिरताना वाकतो, म्हणून क्षितिजापासून क्षितिजापर्यंतचं आकाश सुमारे ९७ अंशांच्या शंकूत दाबून बसतं. मासा जितका खोल, तितकी ही खिडकी रुंद. खिडकीच्या कडेला येणाऱ्या ठेंगण्या वस्तू चेपल्यासारख्या, अंधुक दिसतात. म्हणून वाकून, पाण्याच्या पातळीच्या शक्य तितकं जवळ राहून पुढे गेलेला माणूस माशाला जवळजवळ दिसत नाही, आणि काठावर ताठ उभा राहिलेला लगेच दिसतो. सावलीचंही तसंच. ढिवर म्हातारे सूर्य समोर ठेवून बसतात. म्हणजे सावली मागे पडते. प्रकाशाचं हे गणित त्यांना कुणी फळ्यावर शिकवलेलं नसतं, पण त्यांची बसण्याची जागा त्याच गणिताने ठरते.

आता मुख्य मुद्दा, दोन शरदांचा.

थंड पाण्यातला तपकिरी ट्राउट शरदात विणीला लागतो. दिवस लहान होऊ लागले, पाणी उतरू लागलं की नर रंगाने गडद होतात, आपल्या जागेवरून इतरांना हुसकतात. मादी उथळ, वाहत्या पाण्यातली वाळू-खडी शेपटीने उकरून खळगा करते, त्यात अंडी घालते आणि वर पुन्हा खडी लोटते. किलोभर वजनाच्या मादीची अंडी दीड-दोन हजारांच्या घरात. त्यांना घाई नसते. पाणी ५ अंशांवर असेल तर पिल्लं बाहेर पडायला जवळजवळ तीन महिने लागतात. हिवाळाभर खडीखालून थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी झिरपत राहिलं तरच ती जगतात. गाळ बसला की गुदमरून मरतात. म्हणून हिमाचल प्रदेशात दरवर्षी १ नोव्हेंबरपासून फेब्रुवारीअखेर ट्राउट धरायला बंदी असते. तिथल्या छंदी लोकांचा शरद म्हणजे हंगामाचे शेवटचे काही आठवडे. मासा हिवाळ्यापूर्वी भरभरून खात असतो, विणीच्या ओढीने चिडलेला असतो, मोठ्या माशीवरही धाव घेतो. पण ज्यांना नदी टिकावी असं वाटतं ते विणीच्या उथळ जागा तुडवत नाहीत आणि खळग्यावर बसलेल्या जोडीकडे काठी वळवत नाहीत.

त्याच हिमाचलात दुसरीही एक बंदी आहे. गोविंदसागर, पोंगसारख्या जलाशयांत आणि साध्या पाण्यात ती पावसाळ्यात दोन महिने असते. एकच राज्य, एकच मत्स्य विभाग, आणि बंदीचे दोन वेगळे ऋतू. कारण खालच्या गरम पाण्यातले मासे आपल्यासारखे आहेत. ते पुरात विणतात.

रोहू, कतला, मृगळ यांना आषाढ-श्रावणातला गढूळ लोंढा लागतो. नदी काठाबाहेर पसरते, शेतांत, खाचखळग्यांत उथळ कोमट पाणी उभं राहतं आणि मासे त्यात चढतात. पहिल्या पावसात नाल्यातून बांधीत चढणारे मासे धरायला सगळं गाव धावतं, ते हेच. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या आसपास अंडी सोडते. खळगा नाही, राखण नाही. २८ अंशांच्या पाण्यात ही अंडी पंधरा-अठरा तासांत फुटतात. ट्राउटला जिथे तीन महिने, तिथे रोहूला एक रात्र. पूर ओसरायच्या आत पिल्लाला पोहता आलं पाहिजे, खाता आलं पाहिजे, उतरत्या पाण्याबरोबर मुख्य धारेत किंवा डोहात परतता आलं पाहिजे. लाखांतली थोडीच वाचतात, आणि तेवढी वाचली तरी नदी भरते.

म्हणून आरमोरीचा आश्विन हा विणीचा काळ नाही, विणीनंतरच्या वाढीचा आहे. गढूळपणा बसतो, पाणी नितळतं, प्रकाश तळापर्यंत पोहोचतो. दगडांवर शेवाळ धरतं, पाण्यात सूक्ष्म जीव वाढतात, त्यांच्यावर यंदाची पिलावळ पोसते आणि तिच्यावर मरळ, वाम, शिंगटी असे खाणारे मासे पोसतात. पाणी अजून कोमट असतं, म्हणून भूक असते. रात्री गार होऊ लागतात, म्हणून प्राणवायू वाढतो. दसऱ्यापासून मंडईपर्यंतचे हे आठवडे इथल्या माशाच्या वर्षातले सगळ्यात चांगले. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडया भरू लागतात, वडसा-आरमोरीकडे झाडीपट्टीची नाटकं रात्र जागवतात, आणि पाहुण्यांच्या ताटात मासोळ्यांचा रस्सा असतो तो याच हंगामामुळे.

तलावांतला शरद नदीपेक्षा वेगळा आणि जास्त तणावाचा. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या भागात मिळून सुमारे सात हजार जुने तलाव आहेत. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजातल्या जाणकारांनी बांधलेले, पुढे मालगुजारांच्या ताब्यात गेलेले, आणि १९५१ मध्ये मालगुजारी संपल्यावर सरकारजमा झालेले. माजी मालगुजारी तलाव, लोकांच्या तोंडी मामा तलाव. हे तलाव मुळात धानासाठी. सप्टेंबरच्या शेवटी पाऊस ताण देतो, भारी धान तेव्हा निसवत असतं, आणि तलावाचं शेवटचं पाणी त्याला वाचवतं. ढिवराला नेमकं तेच पाणी तलावात हवं असतं, कारण मासा आता अंग धरू लागलेला असतो. पाणी किती सोडायचं आणि किती ठेवायचं, यावर गावागावांत दरवर्षी वाद होतात. पूर्वी मालगुजाराचा शब्द चाले. आता एकीकडे पाणीवाटप, दुसरीकडे मच्छीमार सहकारी संस्थेने भरलेली लीज, आणि मध्ये कुणीच नाही. धान वाळू द्यायचं असं कुणी म्हणणार नाही, मीही नाही. पण तलावाच्या खोलगट भागात ठरावीक पाणी कोणत्याही परिस्थितीत राहील असा नियम लेखी असला पाहिजे. गाळ साचून तलाव इतके उथळ झालेत की शेवटच्या पाळीनंतर बहुतेकांत चिखलच उरतो.

उथळ तलावाची दुसरी व्यथा बेशरम. निळसर-जांभळ्या फुलांचं हे परदेशी झुडूप काठापासून आत सरकत जातं, पाण्यातल्या देशी वनस्पतींची जागा घेतं. माशाला पाणवनस्पती लागते ती लपायला, अंडी चिकटवायला, आणि तिच्यावर वाढणारे किडे खायला. ती गेली की मासाही जातो. आरमोरीच्या उत्तरेला, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, मनीष राजनकर यांच्या भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने आणि पतिराम तुमसरे यांच्यासारख्या ढिवर जाणकारांनी यावर जे काम केलं ते मला या विषयातलं सगळ्यात मोलाचं वाटतं. त्यांनी उन्हाळ्यात तलावाची बेशरम उपटली, तळ नांगरला, आणि कोणत्या खोलीवर कोणती देशी पाणवनस्पती पूर्वी होती ते म्हाताऱ्या ढिवरांना विचारून तशी लावली. पाण्याखाली वाढणाऱ्या वेगळ्या, पानं तरंगणाऱ्या वेगळ्या, काठच्या वेगळ्या. पाऊस पडल्यावर त्या वाढल्या, त्यांच्यामागे स्थानिक मासोळ्या परतल्या आणि पक्षीही परतले. याच भागातल्या नवेगावबांधला वनाधिकारी असताना मारुती चितमपल्ली यांनी तलावाचं जे शिक्षण घेतलं, तेही तिथल्याच माणसांकडून घेतलं होतं, हे त्यांच्या वाचकांना माहीत आहेच.

तलावांत मत्स्यबीज सोडण्याचा कार्यक्रमही इथे आठवायला हवा. रोहू-कतला साचलेल्या पाण्यात विणत नाहीत, म्हणून पूर्वी त्यांचं बीज नद्यांतून गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी हिरालाल चौधरी यांनी ओडिशात माशांच्या मेंदूतल्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून या माशांना विणायला लावलं. त्या एका प्रयोगाने देशाची मत्स्यशेती बदलली. तो दिवस आज मत्स्यशेतकऱ्यांचा राष्ट्रीय दिवस आहे. त्याचा लाभ झाडीपट्टीलाही झाला. नुकसान असं की मोजणी फक्त या तीन-चार माशांची होऊ लागली. स्वतःहून विणणाऱ्या, बीज विकत आणायला न लागणाऱ्या डझनावारी देशी मासोळ्या हिशेबाबाहेर गेल्या. गरीब घरात रोज शिजतात त्या नेमक्या याच. बाहेरून आणलेला मासा घरच्या माशाचं काय करतो, याचे दाखले इतरत्रही आहेत. काश्मीरच्या ओढ्यांत ट्राउटने तिथल्या मूळ माशांची जागा आकसवली. लोणावळ्याला वळवण तलावाकाठी टाटांच्या केंद्रात महासीरची पैदास करण्याचं चांगलं काम १९७० च्या दशकापासून झालं, चिं. वि. कुलकर्णी यांच्यासारखे मराठी शास्त्रज्ञ त्यात होते. पण तोच दख्खनी महासीर दूर कावेरीत सोडला गेला तेव्हा तिथला मूळचा कुबड असलेला महासीर जवळजवळ संपला. मासा वाईट नसतो, त्याला चुकीच्या नदीत सोडणं वाईट.

वैनगंगेची अडचण याहून मोठी आहे, कारण तिथे ऋतूच हलला आहे. आरमोरीच्या वर, पवनी तालुक्यात गोसेखुर्द धरण. २२ एप्रिल १९८८ रोजी राजीव गांधींच्या हस्ते पायाभरणी झाली. धरणाला ३३ दरवाजे आहेत. त्यांच्या खालच्या नदीत पाणी कधी वाढेल हे आता आकाशाकडे पाहून सांगता येत नाही. ऑगस्ट २०२०च्या शेवटी वरच्या धरणांतून सोडलेल्या पाण्याने ब्रह्मपुरी, आरमोरी, गडचिरोलीच्या शेकडो घरांत पाणी शिरलं, तो पूर लोक विसरलेले नाहीत. माशाच्या बाजूने पाहिलं तर तीन गोष्टी बिघडल्या. पहिल्या पावसाचा जो लोंढा विणीची खूण होता, तो धरण भरेपर्यंत अडतो. नंतर दरवाजे उघडतात तेव्हा पाणी काही तासांत चढतं आणि बंद झाले की तितक्याच वेगाने उतरतं. उथळ पाण्यात शिरलेली पिल्लं तिथेच अडकून मरतात. तिसरी गोष्ट पाण्याची प्रत. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून याच जलाशयात येतं. त्यावर जलपर्णी माजते, रात्री प्राणवायू ओढून घेते, आणि गरम पाण्यात तो मुळातच कमी असतो हे आपण पाहिलं.

याशिवाय वाट अडण्याचा प्रश्न. आपली नदी चपराळ्याजवळ वर्धेला मिळून प्राणहिता होते, सिरोंचाजवळ गोदावरीला मिळते आणि आंध्रात समुद्राला. आरमोरीपासून समुद्र सहाशे किलोमीटरांहून लांब. तरी काही जीव हे अंतर तोडत आले आहेत. अहीर नावाचा लांबट मासा समुद्रात खोल पाण्यात जन्मतो, पोरवयात नद्यांत शिरतो, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात वाढतो आणि विणायला पुन्हा समुद्रात जातो. गोदावरी खोऱ्यातल्या मोठ्या झिंग्याची अळी वाढायला निमखारं पाणी लागतं, मग कोवळे झिंगे प्रवाहाविरुद्ध वर सरकत येतात. त्यांच्या वाटेवर पहिली भिंत १८५२ सालची, आर्थर कॉटन यांनी धवळेश्वरमला बांधलेली. त्याच्या वर येताना लागणाऱ्या भिंतींत सिरोंचासमोरचं २०१९ मधलं मेडीगड्डा, वैनगंगेवर चामोर्शीजवळचं चिचडोह, आणि मग गोसेखुर्द. ठरावीक ठिकाणी पायऱ्यांसारखे माशांचे मार्ग ठेवण्याची पद्धत जगात जुनी आहे. ट्राउट आणि सामन माशांच्या देशांत अशा मार्गांशिवाय धरण मंजूर करायला लोक कडाडून विरोध करतात, कारण तिथे गळ टाकणारा माणूस मतदार असतो आणि बोलणारा असतो. इथला ढिवर मतदार आहे, पण धरणाच्या बैठकीत त्याला खुर्ची नाही.

निदान एक गोष्ट आज करता येण्यासारखी आहे आणि तिला नवी भिंत लागत नाही. आषाढात विणीच्या वेळी दरवाज्यांतून हळूहळू वाढणारं आणि हळूहळूच उतरणारं पाणी काही दिवस सोडायचं, आणि त्याच दिवसांत नदीत बारीक जाळ्यांना बंदी ठेवायची. ट्राउटसाठी हिवाळ्याचे चार महिने राखता येतात, तर रोहूसाठी पावसाळ्याचे काही आठवडे का नकोत? भरपाईचा प्रश्न येईलच. समुद्रावर बंदी असते तेव्हा कोळ्यांच्या पोटाचा विचार करण्याची मागणी होते, तशीच ती इथेही व्हायला हवी, आणि ती रास्त असेल.

यंदा आश्विनात कुणाला आरमोरीत गरी टाकून पाहायची असेल, तर दोन-तीन गोष्टी सांगतो. मामा तलावातले मासे संस्थेचे असतात. लीज तिने भरलेली असते आणि बीज तिने सोडलेलं असतं, तेव्हा आधी संस्थेच्या माणसाला विचारावं. नदीवर मोकळीक जास्त आहे, पण आधी गोसेखुर्दचा विसर्ग विचारून घ्यावा. नदीकाठच्या झुडपांत वाघाचा वावर असतो, हे ब्रह्मपुरी-आरमोरीकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, बाहेरून येणाऱ्याला सांगावं लागतं. सकाळी उन्हं वर आल्यावर जावं, अंधार पडायच्या आत परतावं, एकट्याने बसू नये. आकडा लहान घ्यावा, शक्य तर त्याचा काटा पक्कडीने दाबून टाकावा, म्हणजे लहान मासा इजा न होता सुटतो. सोडायचा असेल तर हात आधी ओले करावेत, कारण कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तिथे बुरशी धरते. आणि नाकतोडा लावायचा तो पाठीवरच्या कडक भागातून, जिवंत राहील असा. वरून पाण्यावर टाकायचा, दोरी सैल ठेवायची, आणि प्रवाहाला त्याला त्याच्या वाटेने नेऊ द्यायचं.